गड घेतल्यानंतर

महाडच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायचो. दिल्लीच्या बादशहाच्या साम्राज्याचा ऱ्हास का झाला, हा प्रश्न सहामाहीत नाहीतर वार्षिकला, कुठे ना कुठे यायचाच. उत्तर ठरलेलं होतं. दुबळे वारस, रिकामा खजिना, लांबलेली दक्षिणेची मोहीम, सरदारांमधले हेवेदावे, प्रजेतला असंतोष. पाच मुद्दे, पाच गुण. ते मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिले होते की हात आपोआप चालायचा आणि मी खिडकीबाहेर बघत असायचो.

एका परीक्षेला माझ्याबरोबर वर्गावर विज्ञानाच्या मॅडम होत्या. त्या रोज वीर स्टेशनवर उतरून रिक्षाने शाळेत यायच्या. हाताला काही काम नसलं की समोर जो कागद असेल तो वाचायची त्यांना सवय. त्या दिवशी माझी प्रश्नपत्रिका वाचली आणि शेजारी पडलेली नमुना उत्तरंही वाचली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, ही सगळी कारणं मेल्यानंतरची आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे हा शवविच्छेदनाचा अहवाल झाला. आजार कधी सुरू झाला ते यात कुठेच नाही. तो बादशहा मरेपर्यंत जिंकतच होता ना?"

"होता तसा. विजापूर घेतलं, गोवळकोंडा घेतला, आपला रायगडसुद्धा त्याच्या फौजेने घेतला."

"मग हरायला लागला कधी?"

मी म्हटलं, "पेपरात तसं विचारत नाहीत."

त्या हसल्या. पोरं मान वर करून बघायला लागली तशा परत आपल्या कोपऱ्यात गेल्या. मी मात्र पुढचे दोन तास तिथेच अडकून राहिलो. इतकी वर्षं शिकवत होतो आणि हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता, याची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर जरा मजाही वाटली. वयाच्या पन्नाशीला नवीन कुतूहल मिळणं ही काही वाईट गोष्ट नाही.

वाचनालयात जे मिळालं ते वाचलं. म्हातारा झाल्यावरही तो बादशहा पालखीत बसून एका गडावरून दुसऱ्या गडावर जात होता. एक गड घ्यायला महिनोन्‌महिने वेढा. तो घेऊन पुढच्याकडे वळला की मागचा हातचा गेलेला. परत दिल्ली त्याने पाहिली नाही. हे सगळं पुस्तकांत होतं. घेतलेले गड हातचे जायचे कसे, तेही होतं. पण का जायचे, इथे आलं की पुस्तकं पुन्हा त्या पाच मुद्द्यांत शिरायची.

त्याच हिवाळ्यात सुभेदार माझ्या घरी आले.

सुभेदार म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन पोलादपूरला घर बांधलेले गृहस्थ. आमची तोंडओळख होती. ताठ मान, पांढऱ्या मिशा, आणि बोलणं असं की समोरच्याला आपोआप बरोबर चालावंसं वाटायचं. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "गुरुजी, आपल्या दोन तालुक्यांत गड किती?"

मला आठवले तितके सांगितले.

"हालत काय आहे त्यांची? बघवत नाही. आपण एकेक करून सगळे साफ करायचे. माणसं मी जमवतो. तुम्ही फक्त इतिहास सांगायला आणि नोंद ठेवायला चला."

मला गड आवडतात. शिवाय डोक्यात तो प्रश्न होताच. मी हो म्हटलं.

पहिला गड कापडे गावाच्या पुढे, डोंगराच्या अगदी पोटात. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. पायथ्याला एक वाडी आहे, वीसेक घरांची, आणि वाडीतलं शेवटचं घर एका बाईंचं, त्यांना सगळेच वहिनी म्हणायचे. तिथून पुढे पायवाट कारवीच्या झुडपांत शिरते. आम्ही चाळीसेक जण होतो. निम्मे मुंबईहून आदल्या दिवशी आलेले, कोणाच्या पायात नवे बूट, कोणाच्या हातात आयुष्यात पहिल्यांदाच धरलेला कोयता. सुभेदारांनी वहिनींच्या अंगणात सगळ्यांना रांगेत उभं केलं, तुकड्या पाडल्या, प्रत्येक तुकडीला एक नायक दिला. वहिनी ओटीवर बसून तांदूळ पाखडत होत्या, तशाच बघत राहिल्या.

दोन दिवस काम चाललं. कातळात खोदलेल्या पायऱ्या कारवीखालून मोकळ्या झाल्या. माथ्यावर देवीची घुमटी आहे, तिच्याजवळ पाण्याचं एक मोठं टाकं. ते गाळाने अर्धं भरलेलं. आम्ही साखळी करून घमेल्यांनी गाळ उपसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तळाचा काळा कातळ लागला, त्यावरच्या छिन्नीच्या खुणा दिसल्या, तेव्हा सगळे ओरडले. मीही ओरडलो. मुंबईचा एक तरुण त्या ओल्या कातळावर चक्क आडवा पडला. सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला ते झेंड्याच्या काठीचा दोर तपासत होते.

झेंडा लागला. टाक्याशेजारी एक लोखंडी पाटी लागली. तिच्यावर वर सुभेदारांनी या कामासाठी काढलेल्या आमच्या मंडळाचं नाव आणि खाली सूचना होत्या: टाक्यात उतरू नये, जनावरं आणू नयेत, चूल पेटवू नये, पायताण घालून जाऊ नये, परवानगीशिवाय खोदकाम करू नये. शब्द माझेच होते. शुद्धलेखन मी दोनदा तपासलं होतं.

खाली आलो तर वहिनींनी आणि शेजारच्या बायकांनी मिळून तांदळाच्या भाकऱ्या आणि कुळथाची पिठी केली होती. अंगणात बसून सगळे जेवले. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "सुभेदार, आता वर कोन ऱ्हानार?"

"राहायचं कशाला वहिनी? आम्ही येत जाऊ ना."

"तसं नाय. पावसात वरची माती खाली टाक्यात उतरते. आमी शिमगा झाला का जायचो. घरटी एक मानूस. देवीला नारळ, आन टाक्यातला गाळ काढायचा. यंदा कोनाची पाळी ते आधीच ठरल्यालं असायचं. आता मानसं मुंबैला गेली, दोन-तीन वर्सं राहून गेलं. तरी जाऊ म्हनत व्हतो."

"आता तुम्हाला त्रास नाही," सुभेदार मोकळेपणाने म्हणाले. "आता मंडळ आहे. तुम्ही निवांत राहा."

"आन शेळ्या? उन्हाळ्यात आमची पोरं शेळ्या वरच नेतात पान्यावर."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजुतीच्या सुरात सांगितलं, "वहिनी, ऐतिहासिक टाकं आहे. जनावरं नकोत त्यात."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पानावर पिठी वाढायला गेल्या.

ते 'बरं' मी ऐकलं होतं. त्यात राग नव्हता, म्हणूनच मी पुढे गेलो.

त्यानंतरची दोन वर्षं भारावलेली होती. दुसरा गड झाला, तिसरा झाला. प्रत्येक मोहिमेला माणसं वाढली. बसमधून उतरताना घोषणा, प्रत्येकाच्या अंगात एकसारखे भगवे टी-शर्ट. महाडच्या सभागृहात आमचा सत्कार झाला, शाली मिळाल्या. सुभेदारांनी घरातल्या भिंतीवर तालुक्यांचा नकाशा लावला होता. गड झाला की त्यावर तांबडी टिकली लावायचे. चौथ्या टिकलीनंतर ते मला म्हणाले, "गुरुजी, अजून तीन वर्षं द्या मला. एक गड सोडायचा नाही." मला त्यांचा हेवा वाटला. असं निश्चित काही हवंसं वाटणं माझ्या स्वभावात नाही.

पाचवा गड घेतला त्या आठवड्यात विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "सर, मला तुमचा एकतरी गड दाखवा. पण सोपा." पाचही गडांत पहिलाच काय तो सोपा. एका रविवारी सकाळी आम्ही दोघं आणि त्यांचे यजमान पोलादपूरला उतरून जीपने कापड्याकडे गेलो. मी वाटेत त्यांना टाक्याबद्दल सांगत होतो. तळाचा कातळ, छिन्नीच्या खुणा, पाणी कसं आरशासारखं दिसतं.

पायऱ्या सापडेनात. कारवी परत माणसाच्या उंचीची झाली होती. मी पुढे, हातांनी फांद्या बाजूला सारत. वर पोचलो तर झेंड्याची नुसती काठी उभी होती. पाटी एका बाजूने निखळून लोंबत होती आणि वारा आला की टाक्याच्या काठावर आपटून वाजत होती. टाक्यात गाळ. गाळावर शेवाळलेलं वीतभर पाणी, त्यात एक प्लास्टिकची बाटली. आम्ही उपसण्याआधी होता त्यापेक्षाही गाळ जास्त होता, कारण काठावरची जी झुडपं माती धरून ठेवायची तीही आम्ही 'सफाई' म्हणून उपटून टाकली होती. हे मॅडमनी दाखवलं. मला तोवर कळलं नव्हतं.

त्या बराच वेळ काठावर उकिडव्या बसून बघत होत्या. त्यांना वाईट वाटलं असावं, पण डोळ्यांत कुतूहल जास्त होतं. म्हणाल्या, "दोनच पावसाळ्यांत एवढा?"

"हो."

"आणि आधी दोन-तीन वर्षं वाडीतलं कोणी आलं नव्हतं तरी अर्धंच भरलं होतं ना?"

"हो."

"मजेशीर आहे."

मला ते मजेशीर वाटत नव्हतं. मी खाली वहिनींच्या घराची वाट धरली.

वहिनी घरीच होत्या. आम्हाला बघून त्यांनी पाण्याचा तांब्या आणि गूळ पुढे केला. मी बसल्या बसल्या विचारलं, आणि माझ्या आवाजात थोडी तक्रार होती हे मला आता कबूल करावं लागतं. "वहिनी, टाकं भरलंय परत. सांगायचं तरी कोणाला तरी."

"कोनाला सांगू गुरुजी? तुमी पुढच्या गडावर."

"मग तुम्ही लोक शिमग्यानंतर जायचात ना?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "आता कशाला जाऊ? टाकं आमचं व्हतं तवा आमी काढायचो. आता तुमचं झालं. पाटी हाय ना वर."

"देवीला तरी?"

"देवीला खालूनच हात जोडतो. वर जायचं तं चपला काढा, शेळ्या बांधा, चूल पेटवायची नाय. मंग परसाद शिजवायचा कुटं? म्हातारी मानसं बोलली, ऱ्हाऊ दे, मंडळाचा गड हाय."

हे सगळं त्यांनी कोणताही टोमणा न मारता सांगितलं, एखाद्याला पत्ता सांगावा तसं. मॅडमनी विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"राग कसला गो? चांगलीच मानसं आली व्हती. राबली बिचारी दोन दीस." मग थांबून म्हणाल्या, "पन आमाला कोनी इचारलं नाय."

परतताना जीपमध्ये मॅडम माझ्या शेजारी होत्या. आंबेनळी घाटातून उतरणाऱ्या गाड्यांसाठी जीप बाजूला थांबली होती. त्या म्हणाल्या, "सर, तुमचा बादशहा एखादा गड घेतल्यावर तिथे काय करायचा?"

"किल्लेदार नेमायचा. थोडी फौज ठेवायचा. गडाचं नाव बदलायचा."

"आणि त्या फौजेला धान्य, लाकूड, पाणी कोण आणून द्यायचं?"

"खालची गावं. आणखी कोण?"

"आधीही तीच द्यायची?"

"तीच."

मग मलाच थांबवेना. मी त्यांना सांगत गेलो, की इथल्या गडांवर पावसाळ्यात चार महिने वर जाणं म्हणजे जीव मुठीत धरणं. वर धान्य असेल तर ते कोणीतरी पावसाच्या आधी डोक्यावरून नेलेलं असतं. चोरवाटा खालच्यांना माहीत असतात. टाक्याला गळती कुठे आहे, कुठला बुरूज पावसात खचतो, हे खालच्यांना माहीत असतं. गड घ्यायला हजार माणसं एकदाच लागतात. तो ठेवायला वीस घरं रोज लागतात, आणि त्या वीस घरांना तो आपला वाटावा लागतो. शेवटी शेवटी मी बादशहाबद्दल बोलतोय की आमच्या मंडळाबद्दल, हेच मला कळेना.

"म्हणजे हरायला लागला कधी?" मॅडमनी जुनाच प्रश्न परत विचारला.

"गड घेतला त्या दिवशीच असेल," मी म्हटलं. "दुपारी वगैरे. नवीन नाव लिहिलं तेव्हा."

खात्रीने बोललो नव्हतो मी. अजूनही खात्री नाही. गावं बरोबर घेऊनही राज्यं बुडालेली आहेत, आणि गावं पायाखाली ठेवून पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलीही आहेत. त्या जीपमध्ये मला एवढंच वाटलं की पाच मुद्द्यांच्या आधी कुठेतरी एक सहावा आहे.

दुसऱ्या दिवशी मी सुभेदारांकडे गेलो. जे पाहिलं ते सांगितलं. त्यांनी नकाशावरच्या पहिल्या टिकलीकडे बघितलं. मला वाटलं आता विचारात पडतील. ते म्हणाले, "येत्या रविवारी पन्नास माणसं. परत घेऊ."

आणि खरंच त्यांनी ते केलं. स्वतः कोयता घेऊन पुढे होते. टाकं पुन्हा उपसलं, पाटी पुन्हा ठोकली, या वेळी सिमेंटमध्ये. महिन्याभराने बातमी आली की दुसऱ्या गडावर पायऱ्यांवर दरड आली आहे. ते तिकडे धावले. तिकडून आले तर तिसऱ्यावरचा झेंड्याचा दोर कोणी कापून नेला होता. त्या वर्षी त्यांना एकही नवा गड घेता आला नाही. जुनेच घेत होते. गुडघे दुखायला लागले. वर जाताना मधेमधे थांबायचे आणि आम्हाला दाखवायचे की ते देखावा बघत आहेत.

माणसंही कमी होऊ लागली. नव्या गडावर पहिलं पाऊल टाकायला सगळे येतात. त्याच टाक्यातला तोच गाळ तिसऱ्यांदा काढायला कोण येणार? सुभेदारांचे दोन नायक होते, दोघेही उत्साही, दोघेही कष्टाळू. आधी त्यांच्यात झेंड्याच्या उंचीवरून कुरबूर झाली, मग सत्काराच्या वेळी कोण कुठे उभं राहणार यावरून. एके दिवशी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "मी स्वतंत्रपणे काम करणार." दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानेही तेच लिहिलं. एकाने निळे टी-शर्ट काढले, दुसऱ्याने हिरवे. दोघांनीही पहिली मोहीम आम्ही आधीच केलेल्या गडावर काढली, आणि आमच्या पाटीशेजारी आपापली पाटी लावली.

दुबळे वारस, सरदारांमधले हेवेदावे. मी ते बघत होतो आणि फळा आठवत होता. मुद्दे चुकीचे नव्हते. फक्त ते शेवटी आले होते.

सुभेदार त्या पावसाळ्यात घराबाहेर पडेनासे झाले. मी भेटायला गेलो तर ओटीवर पाय पसरून बसलेले. गुडघ्यांना पट्टे. समोर हमरस्त्यावरून गाड्या जात होत्या. बराच वेळ ते त्याच बघत होते.

"गुरुजी, मी काय चुकलो?"

एरवी त्यांनी असं विचारलं नसतं. मी म्हटलं, "ते मला नीट नाही सांगता येणार. पाऊस उघडला की माझ्याबरोबर वाडीत याल का? गडावर नाही. फक्त वाडीत."

भातं पिवळी पडली होती तेव्हा आम्ही गेलो. वहिनी शेताच्या बांधावर होत्या, आम्हाला बघून घरी आल्या. सुभेदार ओटीवर बसले. काठी मांडीवर आडवी. मी ठरवलं होतं की आपण बोलायचं नाही. वहिनींनी चहा आणला, तोही पिऊन झाला.

शेवटी सुभेदार म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा. टाकं साफ राहायचं तर काय करू?"

"तुमी काय करनार आता? पाय बगा तुमचं."

"मी नाही. म्हणजे... काय व्हायला पाहिजे?"

वहिनींना हा प्रश्न कोणी विचारेल असं वाटलं नसावं. मग म्हणाल्या, "ती पाटी काढा."

सुभेदारांचा चेहरा पडला. ती पाटी त्यांनी पोलादपुरात उभं राहून बनवून घेतली होती, दोनदा वर वाहून नेली होती. "सगळी?"

"झेंडा ऱ्हाऊ दे. झेंडा चांगला हाय. आमी पन त्याला हात जोडतो. पन ते आनू नका, करू नका, येऊ नका... ते काढा. आन तुमी शिमग्यानंतर या. आमच्यासंगट. पाव्हने म्हनून या."

"आणि शेळ्या?" हे मी विचारलं. स्वभाव जात नाही.

"शेळ्यांना खालचं डबकं हाय ना, टाक्याच्या खाली. त्यात आमी पानी काढून देयाचो. टाक्यात कोन सोडतंय शेळ्या? आमालाबी तेच पानी प्यायचं असतं."

म्हणजे आम्ही ज्या गोष्टीची मनाई केली होती ती गोष्ट तिथे कधी घडतच नव्हती. मी खाली मान घातली. सुभेदार मात्र एकदम हसले, अगदी पोटातून. फार दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही इतिहासाचे मास्तर. तुम्ही तरी विचारायचं ना!"

"तुम्ही सुभेदार. मला वाटलं टेहळणी तुम्ही केली असेल."

पाटी काढायला ते स्वतः वर गेले. त्यांना नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण ऐकले नाहीत. एरवी तासाभराची चढण, त्या दिवशी अर्धा दिवस लागला. सिमेंट फोडायला वहिनींचे दीर पहार घेऊन आले होते. सुभेदारांनी पहिला घाव घातला, मग पहार दिरांच्या हातात दिली आणि घुमटीच्या पायरीवर बसून राहिले. पाटी निघाली तेव्हा त्यांनी ती उलटी करून पाहिली. मागची बाजू गंजली होती. वहिनींच्या दिरांनी विचारलं, "ही घेऊ का? गोठ्याला झाप म्हनून व्हईल." सुभेदार म्हणाले, "घ्या." ती अजून त्यांच्या गोठ्याच्या दाराला लावलेली आहे. माझं शुद्धलेखन आता त्यांच्या म्हशींच्या बाजूला तोंड करून आहे.

शिमग्यानंतर वाडीतली माणसं वर गेली. घरटी एक जमलं नाही, निम्मी घरं बंदच आहेत. पण अकरा-बारा जण होते, आणि मुंबईहून दोघे त्यासाठी म्हणून आले होते. गाळ काढला. टाक्याच्या काठाला कुठली झुडपं ठेवायची हे एका म्हाताऱ्याने दाखवलं. चूल पेटली, देवीचा प्रसाद शिजला. सुभेदारांना खाली बसवून सगळ्यात आधी पान दिलं. मॅडमही आल्या होत्या. त्यांनी टाक्यात वाकून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "यंदाचा गाळ कमी आहे, मोजायला हवा पुढच्या वर्षी." मी म्हटलं, "मोजा, पण आधी विचारा."

आता याला काही वर्षं झाली. मी निवृत्त झालोय. सुभेदारांनी बाकीचे चार गड सोडून दिले. सोडून दिले म्हणजे मनातून सोडायला त्यांना दोन वर्षं लागली. निळे आणि हिरवे दोन्ही गट आता दिसत नाहीत.

मधे एकदा सुभेदारांच्या मनाने परत उचल खाल्ली. वहिनींच्या ओटीवर बसून म्हणाले, "वहिनी, इथे जसं झालं तसं तिसऱ्या गडाखालच्या लोकांनी केलं तर?"

"माझी लेक तिकडंच दिली हाय. इचारून बगते."

महिन्याभराने आम्ही निरोप ऐकायला गेलो. सुभेदार वाटेत उत्सुक होते, लहान मुलासारखे मला विचारत होते, काय म्हणाले असतील. वहिनी अंगणात उडीद झोडपत होत्या. पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "इचारलं."

"मग?"

"नको म्हनाले. त्यांची देवी खाली गावात हाय, पान्याला नळ आलाय. वर जायचं काय काम नाय म्हनले."

सुभेदार म्हणाले, "पण गड आहे तो. एवढा मोठा गड..."

"त्यांचा हाय ना," वहिनी म्हणाल्या, "त्यांनी नको म्हनलं." आणि उडदाच्या शेंगांवर परत काठी मारायला लागल्या.

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, हळूच खाली बसले आणि शेंगांच्या ढिगातला कचरा निवडायला लागले. मीही बसलो. तिसऱ्या गडाच्या टाक्यात आता किती गाळ असेल, आणि तो तसाच भरून गेला तर नेमकं कोणाचं काय बिघडेल, हे त्या दिवशी मला काही केल्या ठरवता आलं नाही. अजूनही ठरत नाही.